वंशावळीतला बांबू

'वंश बुडाला' म्हणताना बांबू कुणाच्या मनात येतो? संस्कृतात वंश म्हणजे मुळात बांबूच. पेरावर पेर चढत जाणारा, म्हणून कुळही. प्राकृतातून मराठीत येता येता त्याचा वासा झाला, घर फिरलं की फिरणारा. वंशावळीतली आवळ म्हणजे ओळ: दिवाळीत दडलेली तीच, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीतलीही. त्या चोपड्यांत यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्या सापडतात, अनेकदा त्यांच्याच हस्ताक्षरात. आमच्या पणजोबांचं अक्षर मात्र फारच गिचमिड! छापील कुलवृत्तान्तांत बहुतेक मुलग्यांचीच ओळ; मुली लग्नानंतर गायब. आता जात पडताळणीच्या अर्जासोबत वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते. २०२३पासून कुणबी नोंदींच्या शोधात मोडी वाचणाऱ्यांनाही भलताच भाव आलाय. सेतू केंद्राबाहेर हमखास ऐकू येतं, 'वंशावळ काढलीत का?'