खसखशीचं बोंड आणि जुना हिशेब

परवा गावातल्या एका पोराचा फोन आला. "दादा, दुकानातली खसखस वाफ्यात टाकली तर उगवेल का? भाव बघा की तिचा." म्हटलं, बाबा, खसखस म्हणजे अफूचंच बी. लायसन नसताना लावलीस तर 1985 च्या एनडीपीएस कायद्यानं आत जाशील. कांद्याच्या वाफ्यात चार झाडं असली तरी.

मागं लसणाचं बियाणं बघायला मंदसौरला गेलो तेव्हा हे पीक पहिल्यांदा पाहिलं. पांढरी फुलं गळाली की हिरवं बोंड राहतं. दुपारनंतर त्याला बारीक टोकांच्या हत्यारानं चिरा मारायच्या. रात्रभर चीक पाझरतो, तपकिरी होतो, आणि सकाळी लवकर खरवडून घ्यायचा. चीर खोल गेली की चीक बोंडाच्या आत उतरतो, वाया. पाऊस आला तर धुऊन जातो. वर पोपटांना बोंडांची चटक लागलेली, म्हणून जाळ्या. त्या चिकात मॉर्फिन असतं. ते दुखणं मारतं, मन सुन्न करतं आणि माणसाला सवय लावतं.

माळवा तेव्हा शिंदे-होळकरांचा. बिहारात कंपनीची मक्तेदारी होती. शेतकऱ्याला उचल द्यायची आणि अफू आपल्याच भावानं घ्यायची. माळव्यात तिचं राज्य नव्हतं, तिथं सावकार-व्यापाऱ्यांचा पैसा चाले. कंपनीनं हा माल अडवून बघितला, तर तो राजपुताना-सिंधमार्गे कराचीला, तिथून पोर्तुगीजांच्या दमणला आणि पुढं चीनला जाऊ लागला. शेवटी 1830 च्या सुमारास कंपनीनंच मुंबईची वाट उघडली, पेटीमागं 175 रुपये पास फी लावून. 1843 ला सिंध इंग्रजांनी घेतला, चोरवाट बुजली, आणि 1847 पर्यंत फी 400 झाली. वाट एकच उरली की काय होतं, हे बाजार समितीत उभं राहिलेल्याला सांगायला नको.

या पैशावर मुंबईचे व्यापारी मोठे झाले. जमशेटजी जीजीभाईंची बरीच कमाई चीनच्या अफू आणि कापसाच्या व्यापारातली. त्यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या जे. जे. हॉस्पिटलात आपल्याकडचे पेशंट आजही जातात. तिकडं चीनमध्ये घरंच्या घरं व्यसनात बुडाली, 1839 ला युद्ध पेटलं. 1907 ला निर्यात टप्प्याटप्प्यानं कमी करायचं ठरलं आणि 1913 ला चीनला जाणारा माल थांबला.

मंदसौर-नीमचला आजही पीक आहे, पण लायसनवर आणि आरीत मोजून. चीक सगळा सरकारला, औषधासाठी. अलीकडं हेक्टरी 4.2 किलो मॉर्फिनचा निकष लागतो. त्यात कमी पडला त्याला पुढच्या वर्षी तसं लायसन मिळत नाही. त्यामुळं गारपीट झाली की माणसं रडकुंडीला येतात.

पोराला म्हटलं, लसूण लाव. तो म्हणाला, "लसणाला भाव कुठाय, दादा?" मग आम्ही दोघंही जरा वेळ गप्पच.