अल्ट्रासाऊंडचे दाबक्षेत्र आणि त्याचे जलद गणन

मानवी कानाला साधारणतः २० किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. त्याहून अधिक वारंवारतेचा ध्वनी म्हणजे अल्ट्रासाऊंड. ट्रान्सड्यूसरमधील दाबविद्युत घटक विद्युत स्पंदांचे कंपनांत रूपांतर करतात. ही कंपने शरीरात कोणत्या बिंदूवर किती दाब निर्माण करतात, याचे त्रिमितीय चित्र म्हणजे दाबक्षेत्र होय.

सोनोग्राफीत प्रतिमेची स्पष्टता या क्षेत्रावर अवलंबून असते. उपचारांत मात्र रुग्णाची सुरक्षितताच त्यावर ठरते. हातांच्या कंपविकारावर मेंदूतील थॅलॅमसच्या सूक्ष्म भागात ध्वनी एकवटून उपचार करण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये मान्यता दिली. या उपचारात कवटी उघडावी लागत नाही. तथापि, हाडातून जाताना ध्वनीची दिशा बदलते व तो क्षीण होतो. केंद्रबिंदू काही मिलिमीटरने ढळल्यास निरोगी ऊतींना इजा होऊ शकते. त्यामुळे पूर्वगणना महत्त्वाची ठरते.

हे गणन प्रचंड असते. मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर असल्याने १ मेगाहर्ट्झ वारंवारतेची तरंगलांबी सुमारे दीड मिलिमीटर भरते. प्रत्येक तरंगलांबीत दहा बिंदू घेतल्यास १० सेंटिमीटर बाजूच्या घनासाठी सुमारे २७ कोटी बिंदू लागतात; दोनच घेतल्यास सुमारे २२ लाख पुरतात.

डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातील यॉर्गन आरेंट येन्सन यांची ‘फील्ड टू’ ही प्रणाली ट्रान्सड्यूसरच्या पृष्ठभागाचे लहान तुकडे पाडून त्यांच्या परिणामांची बेरीज करते. अमेरिकेच्या मिशिगन राज्य विद्यापीठातील ‘फोकस’ प्रणाली दुहेरी संकलनाऐवजी एकेरी संकलन वापरते. त्यामुळे ट्रान्सड्यूसरजवळच्या भागातही अचूकता टिकते आणि वेळ वाचतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विकसित झालेली ‘के-वेव्ह’ प्रणाली फूरिये रूपांतराच्या आधारे तत्त्वतः प्रत्येक तरंगलांबीत दोन बिंदूंवर काम भागवते.

पहिल्या दोन प्रणालींचा वेग मुख्यतः माध्यम एकजिनसी मानण्यातून येतो. कवटीसारख्या असमान माध्यमासाठी ‘के-वेव्ह’सारखी पद्धत लागते, तिला वेळ अधिक लागतो. गणनाचे निष्कर्ष पाण्याच्या टाकीत हायड्रोफोनने पडताळले जातात, तर मेंदूवरील प्रत्यक्ष उपचारावेळी एमआरआयद्वारे तापमानावर लक्ष ठेवले जाते.