नाताळची बेगमी

संत लूकच्या शुभवर्तमानात देवदूत मेंढपाळांना जी खूण सांगतो, तीत दोनच गोष्टी आहेत: बाळंत्यात गुंडाळलेले बाळ आणि ते जिथे निजवले आहे ती गव्हाण. गव्हाण म्हणजे गुरांना वैरण घालण्याची जागा. पनवेलहून उरणकडे जाताना याच नावाचे एक जुने गाव लागते. शेजारी जासई, न्हावे, शेलघर, उलवे. वस्ती मूळची आगरी-कोळ्यांची. नावाचा हा योगायोग नाताळच्या दिवसांत ख्रिस्ती माणसाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. त्यात बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’ असा आहे. भाकरीच्या घरी, वैरणीच्या जागी प्रभू जन्माला आला. तेव्हा जेवणाशी या सणाचे नाते पहिल्या रात्रीपासूनचेच म्हणायला हवे.

नाताळच्या जेवणाची तयारी आपल्या घरांत फार आधीपासून होते, याचे आपल्याला कौतुक वाटते आणि त्याचे श्रेय आपण आजी-आईच्या टापटिपीला देऊन मोकळे होतो. ते श्रेय त्यांचे आहेच. परंतु ही तयारी नुसत्या टापटिपीतून आलेली नाही. ख्रिस्तसभेचे उपवास, खाडीकाठची शेती आणि समुद्रापारहून आलेले जिन्नस या तिन्हींनी मिळून ती घडवली आहे. तिच्या तळाशी एक प्रश्नही दडलेला आहे: घरातल्या सर्वांसाठी जी रांधते, तिने नाताळच्या रात्री मिस्साला जावे कसे?

सणाची तयारी आधी करावी, याचा एक सुंदर दाखला असिसीकर संत फ्रान्सिसच्या चरित्रात आहे. सन १२२३ मध्ये ग्रेच्चो गावी त्यांनी नाताळचा पहिला प्रसिद्ध गोठा उभारला. त्यांचे समकालीन चरित्रकार चेलानोचे थॉमस लिहितात की, सणाच्या सुमारे पंधरा दिवस आधी फ्रान्सिसनी तिथल्या जॉन नावाच्या एका सज्जनाला बोलावून गव्हाण, गवत, बैल आणि गाढव यांची व्यवस्था करायला सांगितले. नाताळच्या दिवशी गरिबांना श्रीमंतांनी पोटभर जेवू घालावे आणि बैल-गाढवांनाही नेहमीपेक्षा जास्त वैरण मिळावी, असा त्यांचा आग्रह असे. सणाच्या पंक्तीत गुरांनाही धरणारा हा संत आपल्या शेतकरी मंडळींना जवळचा वाटावा, यात नवल नाही.

त्याच्याही कितीतरी आधी आगमनकाळ हा उपवासाचा काळ होता. पाचव्या शतकात तूर्सचे बिशप पर्पेत्युअस यांनी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवासाचा नियम घातला होता. युरोपात याच सणाच्या सुमारास डुकरे कापून त्यांचे मांस मिठवून ठेवीत. थंडी सुरू झालेली, चारा कमी होणारा, पुढे सण येणारा. म्हणजे उपवास आणि साठवण या दोन्ही गोष्टी एकाच तारखेला सुरू होत. एकीकडे पोट आवळायचे आणि दुसरीकडे बरण्या भरायच्या, यात आजच्या माणसाला विसंगती वाटेल. जुन्या ख्रिस्ती माणसाला ती वाटत नव्हती.

पुढे आगमनकाळाचा उपवास सैल होत गेला, तरी नाताळच्या आदल्या दिवसाचा टिकला. सन १९१७ च्या धर्मविधानाने २४ डिसेंबर हा उपवासाचा आणि मांसवर्ज्याचा दिवस ठरवला होता. आता गृहिणीच्या बाजूने विचार करावा. दिवसभर मांस वर्ज्य, मध्यरात्री मिस्साबली, आणि तिथून परतलेल्या मंडळींपुढे मात्र सणाचे सामिष ताट. पहाटेच्या मिस्साला जाऊन ख्रिस्तशरीर घेऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीला तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. रात्री घर राखण्यासाठी मागे राहिलेल्या बाईने पहाटे अनुशीपोटी देवळाची वाट धरायची आणि चुलीवर मात्र घमघमाट सुटलेला! अशा स्थितीत सणाच्या दिवशीच सगळे रांधायचे म्हटले तर दोन गोष्टींपैकी एकीवर पाणी सोडावे लागते, जेवणावर किंवा मिस्सावर.

आपल्या पूर्वजांच्या घरांनी यावर जो तोडगा काढला, तो आपल्या पदार्थांतच पाहायला मिळतो. नाताळच्या ताटातले मुख्य पदार्थ असे आहेत की ते दोन-तीन दिवस आधीच करावे लागतात आणि शिळे होण्याऐवजी मुरत जातात. सरपटेल घ्या. हे नाव आणि पदार्थ दोन्ही पोर्तुगालचे. ब्राझीलमध्येही तो आहे. मांस आणि काळीज उकडून, बारीक चिरून, मसाल्यात आणि शिरक्यात शिजवायचे, आणि मग रोज एकदा चुलीवर चढवून ऊन करायचे. तिसऱ्या दिवशी त्याला खरी चव येते. इंद्यालचेही तसेच. पोर्तुगीजांची ‘विन्या द आल्योश’ म्हणजे द्राक्षासव किंवा शिरका आणि लसूण यांत मुरवलेले मांस. लांबच्या गलबती प्रवासाला उपयोगी अशी ही युक्ती. ती आपल्याकडे आली, तिच्यात मिरची मिसळली आणि तिचे इंद्याल झाले, गोव्यात विंदालू. अटलांटिक महासागरातल्या मादैरा बेटावर आजही हा मूळ पदार्थ नाताळचा म्हणूनच ओळखला जातो, आणि तोही दोन-तीन दिवस आधी मुरत घालतात. मध्यरात्रीच्या मिस्साला पोर्तुगीज लोक ‘कोंबड्याची मिस्सा’ म्हणतात. कोंबडा आरवण्याच्या वेळी घरी परतलेल्या भुकेल्या माणसांसाठी आधी करून ठेवलेले हे अन्न. वसई आणि साष्टीच्या घरांनी हा पदार्थ तर घेतलाच, त्यामागचा हिशेबही घेतला. भांडे झाकून, चूल विझवून, दाराला कडी घालून सगळे घर मिस्साला जाऊ शकते. रांधणारीही जाऊ शकते. शिरक्याने मांस टिकते हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच शिरक्याने एका बाईला मध्यरात्री देवळात गुडघे टेकण्याची मोकळीक दिली, हे मात्र आपण बोलून दाखवत नाही.

मिठात मुरवलेली जीभ हा ताटातला आणखी एक जुना मानकरी. मीठ आणि लिंबू चोळून, चिनी मातीच्या बरणीत वर वजन ठेवून ती कित्येक दिवस मुरवायची, रोज उलटायची. इथे आपण पुन्हा गव्हाणच्या परिसरात येतो. आगरी हे नावच आगर, म्हणजे मिठागर, या शब्दावरून आलेले. पनवेल-उरणच्या खाडीकाठी एकीकडे मिठागरे आणि दुसरीकडे बांध घालून खारे पाणी अडवलेली भातखाचरे, असे जमिनीचे रूप पिढ्यान्‌पिढ्या होते. मीठ उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत ओढायचे, भात पावसाळ्यानंतर कापायचे. नाताळला जे तांदूळ दळून पीठ करायचे ते त्याच वर्षीचे नवे. समोरच्या उरण-करंजा बेटावर पोर्तुगीज अमदानीतच चर्च उभी राहिली होती. सन १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी हा मुलूख घेतला, तरी ख्रिस्ती वस्ती मागे राहिली. मुंबई, साष्टी, वसई, उरण या पट्ट्यातल्या आपल्या समाजात कोळी, आगरी, कुणबी, भंडारी अशा अनेक ज्ञातींचे रक्त आहे. सन १८८७ मध्ये मुंबईत ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले गेले म्हणून ते नाते तुटले नाही. ते स्वयंपाकघरात सर्वांत ठळक दिसते.

पाहा ना. आगरी-कोळ्यांच्या घरी पावसाळ्यापूर्वी आगोट भरतात. सुके बोंबील, सुकट, तांदूळ, मीठ, लाकडे आणि वर्षाचा मसाला, अशी ती बेगमी. आपला बाटलीचा मसाला हे त्याच आगोटीचे भावंड. चैत्र-वैशाखाच्या उन्हात मिरच्या, धणे, हळद वाळवायची. खसखस, तीळ, मोहरी, दालचिनी, लवंग, नागकेशर, दगडफूल, शिवाय थोडे गहू आणि चण्याची डाळ, एकेक जिन्नस निरनिराळा भाजायचा. मग मसाला कुटणाऱ्या बायका जोडीने घरोघर येत आणि उंच लाकडी उखळात आळीपाळीने मुसळ घालीत. कुटलेला मसाला बिअरच्या गडद तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून भरायचा, कारण उजेड लागला की रंग उडतो. बाटल्या आल्या इंग्रजांबरोबर, मिरची आली सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून. उन्हात वाळवण्याची आणि पावसाआधी साठवण्याची रीत मात्र इथल्या मातीची. नाताळच्या जेवणाची पहिली तयारी अशी एप्रिल-मे महिन्यात, पास्काचा काळ चालू असतानाच होते, आणि ती करताना नाताळचे नावही कोणी घेत नाही.

गोडाधोडाविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. नेवऱ्या आणि कलकल यांना रात्रीच्या रात्री जागून मनुष्यबळ लागते, म्हणून वाडीतल्या बायका आळीपाळीने एकमेकींच्या घरी बसत. मार्झिपानमध्ये बदामाच्या जागी काजू आले, तेही झाड पोर्तुगीजांनीच आणलेले. फुग्यांचे पीठ पूर्वी ताडीने फुगवीत. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आल्यावर ताडी मिळणे अवघड झाले आणि यीस्टचा वापर वाढला. केकची फळे रममध्ये भिजवण्याची साहेबी चाल आपण उचलली, पण घरी भट्टी नसल्यामुळे पीठ घेऊन पाववाल्याच्या बेकरीत रांग लावावी लागे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर या सगळ्या गणिताचा एक मोठा आकडा बदलला. पोप बारावे पायस यांनी १९५३ मध्ये पाण्याने उपवास मोडत नाही असे ठरवले आणि १९५७ मध्ये ख्रिस्तशरीरापूर्वीचा उपवास तीन तासांवर आणला. पोप सहावे पॉल यांनी १९६४ मध्ये तो एका तासाचा केला. त्यांच्याच १९६६ च्या आदेशानंतर नाताळच्या आदल्या दिवसाचा सक्तीचा उपवास उरला नाही. पुढे, सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर, शहरांतल्या कित्येक धर्मग्रामांत मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळीच होऊ लागली. थोडक्यात, ज्या अडचणीवर तोडगा म्हणून हे पदार्थ रुजले ती अडचण जवळजवळ संपली. तरीही सरपटेल तीन दिवस आधीच होते. रीत एकदा जिभेवर बसली की ती कारणावाचूनही टिकते.

दुसरा बदल अधिक कठोर होता. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे-पनवेल-उरण पट्ट्यातल्या गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. गव्हाण त्यांतलेच एक. भातखाचरे आणि मिठागरे गेली. जानेवारी १९८४ मध्ये योग्य मोबदल्यासाठी लढणाऱ्या जासई परिसरातल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, आणि शिवडीहून येणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. या इतिहासाला जेवणाच्या लेखात जागा कशाला, असे कोणी विचारील. जागा आहे. जमीन जाते तेव्हा सणाची आगाऊ तयारी करण्याचे साधनच जाते. ज्या घरी नवे तांदूळ कणगीत असतात त्या घरी सण अर्धा तयार असतो. ज्या घरी ते पिशवीतून येतात त्या घराला तयारीसाठी प्रथम पैसा लागतो, आणि तो सर्वांकडे सारखा नसतो.

उलव्यासारख्या नव्या वसाहतींत आता वसईकर, गोवेकर, मंगळूरकर, केरळीय अशी ख्रिस्ती कुटुंबे शेजारी-शेजारी राहतात. तीन खोल्यांच्या घरात उखळ ठेवायला जागा नाही. गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या तर शेजाऱ्यांना ठसका लागतो. बरणीचे काम शीतकपाट करते. पुष्कळ घरी सरपटेल आणि नेवऱ्या मागवल्या जातात. त्यावर नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्या स्त्रिया अशी कामे घेतात त्यांच्या घराला डिसेंबरात चार पैसे मिळतात, आणि नोकरी करून आलेल्या सुनेने रात्री बारापर्यंत कलकल वळावेत असा कोणताही विश्वासलेख नाही. मला खटकते ते वेगळेच. तयारी हलकी झाली, पण घरातल्या पुरुषांच्या वाट्याला तिचा भाग आला नाही. यादी अजूनही तीच करते, मागवते तीच आणि ताटे मोजतेही तीच. मार्थेला प्रभूने ज्या शब्दांत समजावले ते आपण बायकांनाच ऐकवतो. तिच्या हातातली परात मात्र घेत नाही.

ताटे मोजण्यावरून आणखी एक. संत लूकच्याच चौदाव्या अध्यायात प्रभू सांगतो की, मेजवानी कराल तेव्हा परत बोलावू शकतील अशांना नव्हे, तर गरिबांना बोलवा. जुन्या वाड्यांतून शेजाऱ्यांकडे जाणारे नाताळचे ताट त्या वचनाच्या बरेच जवळ होते. ते हिंदू घरीही जाई, आणि होळी-दिवाळीला तेच ताट रिकामे परतत नसे. आधी ठरवून केलेल्या स्वयंपाकात ही वाढीव ताटे धरलेली असत. आयत्या वेळी मागवलेल्या मोजक्या वाढणीत ती बसवायची तर वेगळे पैसे मोजावे लागतात.

पनवेल-उरणच्या बाजारांत एप्रिल-मे महिन्यांत मसाल्याच्या डंखासमोर आजही गर्दी होते. कुटणाऱ्या बायकांची जागा यंत्राने घेतली आहे. पिशव्यांवर नावे लिहून आगरी, कोळी आणि ख्रिस्ती बाया नंबर लावून उभ्या असतात, मिरचीच्या धुरळ्याने शिंकत, पदराने नाक झाकत. नाताळला अजून सात-आठ महिने असतात.