शिवी आणि शिष्टांचे कान

शिवी ही भाषेइतकीच जुनी असावी. परंतु कोणत्या शब्दाला शिवी म्हणावे, ती कोठे उच्चारू नये आणि उच्चारणाऱ्यास शासन काय करावे, यांविषयीचे समाजाचे निर्णय मात्र दर दोन-चार पिढ्यांनी पालटत आलेले आहेत. या पालटांचा सलग लेखी पुरावा ज्या देशांत सापडतो, त्यांत इंग्लंडची गणना करावी लागेल. कायदा, रंगभूमी, न्यायालय आणि अखेरीस दूरचित्रवाणी अशा चारही ठिकाणी तेथे शब्दांवर पहारे बसले आणि त्या पहाऱ्यांच्या नोंदी शिल्लक राहिल्या. त्या नोंदी वाचीत गेले म्हणजे एक प्रश्न वारंवार पुढे येतो. हे पहारे कोणाच्या रक्षणासाठी होते? ऐकणाऱ्या शिष्टांच्या कानांच्या, की ज्याला शिवी दिली जाते त्याच्या मानाच्या?

पहिला पहारा देवाच्या नावावर होता. नटाने रंगमंचावर थट्टेने वा अनादराने ईश्वराचे नाव घेतल्यास त्याला दहा पौंड दंड करावा, असा कायदा १६०६ साली झाला. १६२३ साली शेक्सपियरची नाटके एकत्र छापून निघाली, तेव्हा त्यांतील कित्येक शपथा गाळलेल्या किंवा सौम्य केलेल्या होत्या. पुढे १७४५ च्या कायद्याने हा दंड सामान्य जनांच्या रोजच्या बोलण्यालाही लागू केला. मजूर, शिपाई व खलाशी यांनी ईश्वरनिंदक शपथ घेतल्यास एक शिलिंग, त्यांच्याहून वरच्या परंतु सभ्य गृहस्थांच्या पायरीस न पोहोचलेल्या माणसास दोन, आणि सभ्य गृहस्थास पाच! अपराध दुसऱ्यांदा घडल्यास दंड दुप्पट, तिसऱ्यांदा तिप्पट. हा कायदा १९६७ पर्यंत पुस्तकात होता.

एकोणिसाव्या शतकात देवाच्या नावाचा धाक ओसरत गेला आणि देहाची लाज वाढली. शरीराचे अवयव व शरीरधर्म यांची नावे सभ्य घरांतून हद्दपार झाली. या लाजेत वर्गाचा अभिमानही मिसळलेला होता. ‘ब्लडी’ हा शब्द कारखान्यांत आणि गोदीत दिवसभर कानी पडे. पण दिवाणखान्यात तो असह्य ठरे. ११ एप्रिल १९१४ रोजी लंडनमध्ये बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’ रंगमंचावर आले. मिसेस पॅट्रिक कॅम्बेल यांनी रंगविलेली फुलवाली, उच्चवर्गीयांच्या चहापानातून निघताना शुद्ध, घोटीव उच्चारांत नेमका तोच शब्द बोलून जाते. प्रेक्षागृहात हास्याचा कल्लोळ उसळला आणि वृत्तपत्रांत त्या एका शब्दाची चर्चा गाजली. पुढे पु. ल. देशपांडे यांनी हीच कथा ‘ती फुलराणी’च्या रूपाने मराठीत आणली. बोलीवरून माणसाची पायरी ठरविण्याची खोड मराठी प्रेक्षकालाही अपरिचित नव्हती.

नभोवाणी आणि दूरचित्रवाणी आल्यावर प्रश्न अधिक नाजूक झाला. नाटकाला प्रेक्षक आपण होऊन जातो. नभोवाणीचा आवाज घरात येतो. बी.बी.सी.ने १९४९ साली विनोदी कार्यक्रमांच्या लेखकांसाठी व निर्मात्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली. तिच्यात शौचालयावरील विनोदांना, मधुचंद्राला गेलेल्या जोडप्यांविषयीच्या सूचक उल्लेखांना, स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांच्या थट्टेला सक्त मनाई होती.

१९६० साली लंडनच्या न्यायालयात ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीवर अश्लीलतेचा खटला चालला. हे पुस्तक आपल्या पत्नीच्या वा नोकरांच्या हाती पडलेले तुम्हांस चालेल काय, असे सरकारी वकिलाने पंचांना विचारले. तो प्रश्न ऐकून पंचांना हसू आले, असे सांगतात. कसेही असो, २ नोव्हेंबर रोजी प्रकाशक निर्दोष सुटले. भारतात निकाल उलट लागला. हीच कादंबरी विकल्याबद्दल मुंबईतील एका पुस्तकविक्रेत्याला झालेली शिक्षा १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली.

१३ नोव्हेंबर १९६५ च्या रात्री बी.बी.सी.च्या एका थेट प्रक्षेपणात नाट्यसमीक्षक केनेथ टायनन हे नाट्यनियंत्रणाविषयी बोलत होते. बोलता बोलता त्यांनी संभोगवाचक असा, इंग्रजीत सर्वांत निषिद्ध मानला गेलेला शब्द सहज उच्चारला. देशात गदारोळ उठला. लोकसभागृहात निषेधाचे ठराव मांडले गेले आणि बी.बी.सी.ला खेद प्रकट करावा लागला. मेरी व्हाइटहाउस या शिक्षिकेने आदल्याच वर्षी दूरचित्रवाणीच्या शुद्धीकरणाची चळवळ आरंभिली होती. त्यांची पुढे पुष्कळ टिंगल झाली. पण मुले बसलेली असताना घरात काय यावे हे आईबापांना ठरविता आले पाहिजे, हा त्यांचा मूळ आग्रह हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. रात्री नऊपूर्वी असे शब्द प्रक्षेपित करू नयेत, हा ब्रिटनमधील दंडक आजही पाळला जातो.

मात्र याच काळातील दुसरी एक नोंद ध्यानात घेण्याजोगी आहे. टायनन यांच्या एका शब्दावरून ज्या संस्थेला खेद प्रकट करावा लागला, तीच संस्था १९५८ पासून १९७८ पर्यंत, तोंडाला काळे फासलेल्या गोऱ्या गायकांचा कार्यक्रम कुटुंबाच्या करमणुकीसाठी दाखवीत होती. तो बंद करावा असा अर्ज वंशभेदविरोधी कार्यकर्त्यांनी १९६७ साली केला. कार्यक्रम पुढे अकरा वर्षे चालला. १९७२ ते १९७६ या काळातील एका लोकप्रिय विनोदी मालिकेत गोरा शेजारी कृष्णवर्णीय शेजाऱ्याला वर्णावरून हिणवी आणि लोक खळखळून हसत. शिष्टांच्या कानांना त्या शब्दांचा त्रास होत नव्हता. ज्यांना होत होता, त्यांना शिष्टांत जागा नव्हती.

ती जागा मिळावयास आणखी काही दशके जावी लागली. जानेवारी २००७ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील अभिनेत्री शिल्पा शेट्टी सहभागी झाली होती. सोबतच्या काही स्पर्धकांनी तिच्या नावाची आणि उच्चारांची टर उडविली. ज्या उद्गारांवरून वादळ उठले त्यांतील बरेचसे जुन्या अर्थाने शिव्या नव्हतेच. तरीही प्रसारणनियामक ऑफकॉम या संस्थेकडे ४४,५०० हून अधिक तक्रारी आल्या, आणि वाहिनीने नियमभंग केल्याचा निर्णय तिने दिला. याच संस्थेने पुढे २०१६ व २०२१ साली लोकमताची पाहणी केली. सर्वसाधारण शिव्यांविषयी लोक पूर्वीपेक्षा सैल झाले आहेत, परंतु वंश वा अपंगत्व यांवरून हिणविणाऱ्या शब्दांविषयी अधिक कठोर झाले आहेत, असे तिला आढळले.

म्हणून लोकांच्या जिभेला हाड उरले नाही, एवढेच म्हणून हा इतिहास संपविता येत नाही. पहारा उठलेला नाही. त्याची जागा बदलली आहे. मराठी घरांनाही यात पाहण्यासारखे आहे. वडीलधाऱ्यांसमोर ग्राम्य शब्द निघाला तर तोंडात मारणाऱ्या कितीतरी घरांत, गलिच्छपणा किंवा हलकटपणा दर्शविण्यासाठी एखाद्या जातीचे नाव पंगतीत सर्रास घेतले जाई, आणि घास कोणाच्या घशात अडकत नसे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणे हा गुन्हा ठरविणारा भारतीय कायदा १९८९ साली झाला. त्या कायद्याला न्यायालयात साक्षीपुरावा लागतो. पंगतीतल्या त्या शब्दाला मात्र शेजारी बसलेल्या माणसाने हातातला घास खाली ठेवून हरकत घेणे, एवढेच पुरेसे असते.