बॅटरीत कोणता सेल परवडतो? घरीच करा हिशोब

भोर : भाटघर, पानशेतच्या वरच्या अंगाला पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो. रात्री गोठ्यात जायचं तर हातात बॅटरी हवीच.

दुकानात मिळणारे पेन्सिल सेल मुख्यतः दोन प्रकारचे. स्वस्त तो झिंक-कार्बन, महाग तो अल्कलाइन. दोन्ही १.५ व्होल्टचेच, पण अल्कलाइनमध्ये वीज जास्त मावते. बॅटरी, मुलांची खेळणी वीज जोरात ओढतात, तिथे साधा सेल लवकर दम तोडतो. भिंतीवरच्या घड्याळाला मात्र साधाच घाला. महागाचा घालणं उगाच खर्च.

खरं-खोटं घरीच पाहता येतं. एकाच बॅटरीत आधी साधी जोडी, मग अल्कलाइन घालून रोज सारखाच वेळ लावा. उजेड मंद होईपर्यंतचे तास वहीत लिहा अन् किमतीला तासांनी भागा. समजा साधी जोडी ३० रुपयांची अन् ६ तास चालली, म्हणजे तासाला ५ रुपये. मग ८० रुपयांची जोडी १६ तासांपेक्षा जास्त टिकली तरच ती स्वस्त. घेताना सेलवरची तारीखही बघावी.

सेल जमिनीवर आपटून उडतो का बघायची युक्ती फक्त अल्कलाइनला लागू, तीही अर्धवटच. निम्मा शिल्लक असलेला सेलही उडतो.

नवा-जुना सेल एकत्र घालू नये. संपलेला आत राहिला तर पाणी सुटून स्प्रिंग गंजते. चुलीत तर टाकूच नये, फुटतो.