आभूषणकला, समकालीन

सोने-रत्नांच्या किमतीपेक्षा आशयाला प्राधान्य देणारा दृश्यकलेचा एक प्रकार. दागिना कशाचा केला, ते द्रव्य कोठून आले आणि तो अंगावर घालणारा काय मान्य करतो, हे प्रश्न येथे कलाकृतीचाच भाग असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर यूरोपात हा प्रवाह रुजला. 1960 च्या दशकात नेदर्लंड्समधील एमी व्हान लेर्सुम व खाइस बाकर या दांपत्याने अ‍ॅल्युमिनियमचे भव्य कंठे घडवून दागिना व श्रीमंती यांची सांगड मोडली.

सामाजिक भाष्य : स्विस कलावंत ओटो क्युन्झली (जन्म 1948) यांच्या ‘सोने आंधळे करते’ (1980) या कड्यात काळ्या रबरी नळीत सोन्याची गोळी दडवलेली आहे. बाहेरून फक्त फुगवटा दिसतो. आत सोने आहे, हे घालणाऱ्याने विश्वासावर मानायचे. वापरलेल्या 48 लग्नाच्या अंगठ्या जोडून केलेली त्यांची साखळी (1985–86) अनोळखी संसारांचे ओझे गळ्यात घालते. व्हेरेना झीबर-फुक्स यांनी वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या फळांच्या वेष्टनकागदाचा गळपट्टा केला. निषेधाचे द्रव्य त्यांना बाजारातल्या फळांनीच पुरवले.

पर्यावरणीय भाष्य : लहान प्रमाणावरील खाणकामात सोने वेगळे करण्यासाठी पारा वापरतात. मानवी व्यवहारांतून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा तो सर्वांत मोठा स्रोत असून, पाऱ्याला आळा घालणारा मिनामाता करार 2013 मध्ये झाला. खाणकामाच्या अशा हानीच्या जाणिवेतून, या कराराच्या आधीच, अमेरिकेत ‘एथिकल मेटलस्मिथ्स’ ही संस्था 2004 मध्ये स्थापन झाली. ‘रॅडिकल ज्वेलरी मेकओव्हर’ या तिच्या उपक्रमात (2007 पासून) लोक पडून राहिलेले दागिने देतात व कारागीर-विद्यार्थी त्यांतूनच नवे घडवतात. जुने कपाट हीच खाण मानण्याची ही रीत आहे. इतर कलावंत प्लॅस्टिक, काच व भंगार वापरतात.

मर्यादा : ही आभूषणे बहुधा एकेकच घडतात आणि कलादालने, संग्रहालये व मोजके संग्राहक यांच्यापर्यंतच पोहोचतात; त्यामुळे खाणकाम वा प्रदूषण यांवर त्यांचा प्रत्यक्ष परिणाम अल्प असतो. म्युनिकमध्ये 1959 पासून भरणारे ‘श्मुक’ प्रदर्शन व फोर्ट्सहाइमचे आभूषण-संग्रहालय यांमुळे या कलेला प्रतिष्ठा लाभली. मात्र प्रतिष्ठेबरोबर किंमतही वाढते : ज्या मौल्यवानतेवर टीका करण्यासाठी टाकाऊ द्रव्य निवडले, तीच मौल्यवानता संग्राहकाच्या हाती पडताच त्या द्रव्याला चिकटते.