बळ मल्लाचे, मैदान समाजाचे

इतिहासाच्या पुस्तकांत राजे येतात, सेनापती येतात, तह आणि कायदे येतात. मल्ल मात्र क्वचितच येतात. त्यांची जागा जत्रेतल्या गप्पांत आणि तालमीच्या भिंतीवरील तसबिरींत. अमक्याने तमक्याला कोणत्या डावावर चीत केले, याची चर्चा रात्र रात्र रंगते. पण तो मल्ल कोणत्या घरचा, त्याच्या खुराकाला पैसा कोणी दिला, कोणाशी लढण्याची त्याला मुभा होती आणि म्हातारपणी त्याचे काय झाले, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते खरा इतिहास या प्रश्नांतच आहे. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काही विजेत्यांची चरित्रे आज आम्ही श्रोत्यांपुढे मांडीत आहोत. त्यांत मुष्टियोद्धा आहे, तसेच कुस्तीगीरही आहेत. ही सरमिसळ आम्ही जाणूनबुजून केली आहे. भागवतातल्या कंसाच्या रंगमंडपात चाणूर आणि मुष्टिक शेजारी शेजारीच उभे असतात. कृष्ण एकाला लोळवतो, बलराम दुसऱ्याला. आपल्या परंपरेने या दोन विद्या फारशा वेगळ्या मानल्याच नाहीत.

प्रथम परदेशाकडे वळू. जॅक जॉन्सन हा १८७८ साली अमेरिकेतील टेक्सास प्रांतात, गॅल्व्हेस्टन या बंदराच्या गावी जन्मला. त्याचे आईबाप गुलामगिरीत जन्मलेले. पोरवयात त्याने गोदीत हमाली केली आणि तेथेच मुष्टियुद्धाचे पहिले धडे गिरवले. त्या काळी वजनदार गटाचे जगज्जेतेपद ही गोऱ्यांची मिरास होती. काळ्या प्रतिस्पर्ध्याशी लढणार नाही, असे गोरे विजेते उघड सांगत आणि ते कोणाला गैर वाटत नसे. जेम्स जेफ्रीज हा विजेता तर जॉन्सनशी न लढताच १९०५ साली निवृत्त झाला. जॉन्सनने मग नवा विजेता टॉमी बर्न्स याचा देशोदेशी पाठलाग केला आणि २६ डिसेंबर १९०८ रोजी ऑस्ट्रेलियात सिडनी येथे त्याला गाठले. चौदाव्या फेरीत बर्न्सची अवस्था पाहून पोलिसांनीच लढत थांबवली. काळा माणूस जगज्जेता झाला.

गोऱ्या अमेरिकेला हे सोसवेना. वर्तमानपत्रे जेफ्रीजला परत बोलावू लागली. अखेर पाच वर्षे शेती सांभाळणारा तो वीर वजन उतरवून पुन्हा उभा राहिला. ४ जुलै १९१० रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीच, रेनो या गावी खास उभारलेल्या रिंगणात ही लढत झाली. पंधराव्या फेरीत जेफ्रीज कोसळला. त्या रात्री अमेरिकेतील अनेक शहरांत दंगे पेटले आणि वीसाहून अधिक माणसे मेली. मेलेल्यांत बहुतेक काळे होते. एका माणसाने ठोसा मारला आणि त्याची किंमत शेकडो मैलांवरच्या निरपराध माणसांनी मोजली! पुढे १९१२ साली अमेरिकेच्या कायदेमंडळाने अशा लढतींचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास बंदी केली. झालेला पराभव पुसता येत नव्हता, निदान तो कोणाला दिसू नये एवढी तजवीज झाली.

जॉन्सनला रिंगणात हरवणे जमेना, तेव्हा कायद्याने गाठले. गोऱ्या स्त्रीशी त्याच्या असलेल्या संबंधांवरून १९१३ साली त्याला शिक्षा ठोठावण्यात आली. तो देश सोडून पळाला. ५ एप्रिल १९१५ रोजी हवाना येथे सव्विसाव्या फेरीत जेस विलार्डने त्याचे पद घेतले. १९२० साली परत येऊन त्याने तुरुंगवास भोगला आणि १९४६ साली मोटार अपघातात तो गेला. अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्याला क्षमा केली ती २०१८ साली, मृत्यूनंतर बहात्तर वर्षांनी. त्याच्या मागून १९३७ साली जो लुई जिंकेपर्यंत एकाही काळ्या योद्ध्याला या पदासाठी लढण्याची संधी मिळाली नाही. हॅरी विल्ससारख्या गुणी मल्लाचे आयुष्य आव्हाने देण्यातच सरले.

आता आपल्या देशाकडे येऊ. ज्या १८७८ साली जॉन्सन जन्मला, त्याच साली अमृतसरकडे गुलाम महंमद, म्हणजेच गामा, जन्मला. योगायोग असा की त्याचेही भाग्यवर्ष १९१० हेच. त्या उन्हाळ्यात एका बंगाली धनिकाच्या साह्याने गामा आणि त्याचा भाऊ इमामबक्ष लंडनला गेले. गामाची उंची साडेपाच फुटांच्या जेमतेम वर; त्याच्याकडे प्रथम कोणी लक्ष देईना. त्याने जाहीर आव्हान दिले, तेव्हा रोलर हा अमेरिकन डॉक्टर पुढे आला आणि एकाच लढतीत दोनदा चीत झाला. १० सप्टेंबर रोजी पोलंडचा झ्बिस्को समोर आला. हा बलदंड गडी जमिनीला चिकटून राहिला आणि अडीच तासांहून अधिक काळ निकाल लागला नाही. आठवड्याने पुन्हा कुस्ती ठरली; गामा हजर झाला, झ्बिस्को फिरकलाच नाही. पट्टा गामाला मिळाला. पुढे १९२८ च्या जानेवारीत पतियाळाच्या महाराजांनी दोघांना पुन्हा समोरासमोर आणले आणि गामाने एका मिनिटाच्या आत अठरा वर्षांपूर्वीचे येणे वसूल केले. तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता.

गामाच्या पाठीशी संस्थानिक होते, जॉन्सनच्या पाठीशी फक्त तिकीटविक्री होती. एकाला राजाच्या मर्जीवर जगावे लागे, दुसऱ्याला गर्दीच्या मर्जीवर. गर्दी फिरली तशी जॉन्सनची दैना झाली. पुढे संस्थाने गेली आणि फाळणी झाली, तेव्हा गामाचाही आधार तुटला. १९६० साली तो लाहोरला वारला, तेव्हा वैभवाचे दिवस मागे पडले होते.

राजाश्रय म्हटला की महाराष्ट्राला करवीर आठवते. राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९४ साली राज्यकारभार हाती घेतला. महाराज स्वतः मातीत उतरलेले होते. १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणानिमित्त ते विलायतेस गेले. त्या प्रवासात रोमचे प्राचीन प्रेक्षागार त्यांनी पाहिले आणि तसेच मैदान कोल्हापुरात असावे, हे त्यांच्या मनाने घेतले, असे सांगतात. १९१२ साली खासबागेचे मैदान तयार झाले. मधोमध तांबड्या मातीचा हौदा आणि भोवताली चढत गेलेली बैठक, अशी त्याची रचना. सर्वांत मागे बसलेल्यालाही पुढच्याच्या डोक्याची अडचण होत नाही. गामाचा भाऊ इमामबक्ष याचीही कुस्ती या मातीने पाहिली. पंजाबचे मल्ल येथे आले, राहिले, आणि त्यांच्या डावांनी दख्खनची कुस्ती संपन्न झाली.

वर सांगितलेल्या सालांकडे श्रोत्यांनी जरा लक्ष द्यावे. ज्या १९१२ साली अमेरिका एका विजेत्याचे चित्र लोकांपासून लपवीत होती, त्याच साली कोल्हापुरात सर्वांना दिसेल असे मैदान खुले झाले. हे मैदान बांधणाऱ्या राजाने दहा वर्षांपूर्वी, २६ जुलै १९०२ रोजी, सरकारी नोकऱ्यांतील पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला होता. त्याच्या तालमींत आणि हौद्यांत हिंदू आणि मुसलमान मल्ल एकाच मातीला नमस्कार करीत. ताक, तेल आणि हळद घालून मळलेली ती माती अंगाला लागली की सगळ्यांचा रंग एकच होतो. अर्थात हौद्याबाहेर अस्पृश्यता होतीच, ती एका हुकुमाने गेली नाही. पण जो राजा नोकरीचे दार उघडतो तोच मैदानाचेही उघडतो, हा केवळ योगायोग आहे असे आम्हांस वाटत नाही.

या मातीतून जगाच्या मैदानावर पहिले पाऊल पडले ते १९२० साली, बेल्जममधील अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये. सर दोराबजी टाटांच्या पुढाकाराने आणि साह्याने एक लहानसे पथक गेले. त्यात मराठी मुलखातले धावपटू होते, तसेच नवले आणि शिंदे हे दोन मल्लही होते. मातीत वाढलेल्या या गड्यांना गादीवरच्या कुस्तीची आणि गुणांच्या हिशेबाची सवय ती काय असणार! तरीही शिंद्यांनी एका इंग्रज मल्लास हरवले, उपान्त्य फेरीत अमेरिकन मल्लाकडून ते हरले आणि कांस्यपदकाची कुस्ती गमावून चौथे आले. एका कुस्तीने हुकलेल्या त्या पदकाचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे?

ते पदक कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून आणले. तेव्हा संस्थान विलीन होऊन तीन वर्षे झाली होती. राजा नव्हता, वर्गणी देणारे लोक होते आणि स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे करणारे राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर होते. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण खाशाबांनी पुढे पोलीस खात्यात नोकरी केली, १९८४ साली अपघातात ते गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे जाहीर झाला तो मरणोत्तर. जॉन्सनला क्षमा उशिरा मिळाली, खाशाबांना मान उशिरा मिळाला. उशीर करण्याच्या बाबतीत पूर्व आणि पश्चिम सारख्याच.

या सर्व चरित्रांतून आम्ही एवढेच काढतो की बळ मल्लाचे असते, पण मैदान समाजाचे असते. जोर-बैठका मारणे, पहाटे उठणे, वस्तादाचा मार खाणे हे ज्याचे त्याला करावे लागते. पण त्याच्यासाठी जोड कोण लावतो, त्याला हौद्यात कोण उतरू देतो आणि शड्डूचा आवाज थांबल्यावर त्याची विचारपूस कोण करतो, हे आपल्या हाती आहे. राई, मुर्धे, मोर्वे या आपल्या मिठागरांच्या आणि भातखाचरांच्या पट्ट्याला अंगमेहनतीचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. राजाश्रय गेला, आता लोकाश्रय हाच आश्रय आहे. उद्या गावातल्या एखाद्या पोराने वा पोरीने लंगोट कसला किंवा हातमोजे चढवले, तर तिची जात, घर आणि ऐपत न पाहता तिच्यामागे उभे राहणे, आणि ती हरली तरी तिचे नाव लक्षात ठेवणे, एवढे जरी आपण केले तरी अँटवर्पच्या त्या चौथ्या क्रमांकाचे ऋण काही अंशी फिटेल.